कुठे चाललोय, हे कुणी सांगितलं नाही : सिंगापूरची छावणी, फेब्रुवारी १९१५

१५ फेब्रुवारी १९१५, सोमवार. चिनी नववर्षाचा दुसरा दिवस. सिंगापुरात दुकानं बंद, कचेऱ्यांना सुट्टी, रस्तोरस्ती फटाक्यांच्या माळा. दुपारी तीनच्या सुमाराला अलेक्झांड्रा बराकीकडून आवाज यायला लागले, तेव्हा पुष्कळांना ते फटाकेच वाटले. प्रत्यक्षात तिथे ५ व्या लाइट इन्फंट्रीचा दारूगोळा लॉरीत भरला जात होता. दुसऱ्या दिवशी पलटण जहाजावर चढणार होती, म्हणून जादा काडतुसं परत पाठवायची होती. इस्माईल खान नावाच्या शिपायाने लॉरीच्या रोखाने पहिली गोळी झाडली. लॉरीभोवतीची माणसं पांगली, काडतुसांच्या पेट्या फुटल्या, आणि तासाभरात जगातल्या एका मोठ्या ब्रिटिश बंदराच्या रक्षणाची भिस्त बँकेतले कारकून, वकील, व्यापारी आणि रबराच्या मळ्यांतले व्यवस्थापक यांच्या हातातल्या बंदुकांवर आली.

शिपायांचा हा उठाव आपल्याकडे सहसा दोनच तऱ्हांनी सांगितला जातो. एक, १८५७ नंतरचं मोठं बंड म्हणून अभिमानाने. दुसरी, जर्मनांनी फितवलेल्या शिपायांचा दंगा म्हणून. मला या प्रकरणात तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एकाच बंदरात, एकाच झेंड्याखाली दोन प्रकारचे सैनिक होते. एक पगारी, हजारो मैल दूरच्या गावातून आलेला. दुसरा हौशी, संध्याकाळी कचेरीतून सुटल्यावर कवायतीला जाणारा. हौशी सैनिकाला आपण कशासाठी उभे आहोत हे पक्कं ठाऊक होतं. पगारी शिपायाला दुसऱ्या दिवशी आपलं जहाज कुठल्या दिशेला निघणार, एवढंही धड कुणी सांगितलं नव्हतं.

छावणी कशी रिकामी झाली

महायुद्धाआधी सिंगापुरात नेहमीची गोरी पलटण असे. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि तिथली किंग्ज ओन यॉर्कशायर लाइट इन्फंट्री युरोपकडे रवाना झाली. तिच्या जागी ऑक्टोबरमध्ये ५ वी लाइट इन्फंट्री आली. सुमारे ८०० शिपाई, सगळे मुसलमान. निम्मे आजच्या हरियाणाच्या रोहतक-हिसार पट्ट्यातले रांगड, म्हणजे राजपूत मुसलमान. उरलेले पठाण आणि इतर हिंदुस्थानी मुसलमान. १८५७ मध्ये सरकारशी इमान राखल्याबद्दल या पलटणीची ‘इमानी पाचवी’ अशी ख्याती होती. साठ वर्षांपूर्वीच्या त्या नावावर सरकार निर्धास्त राहिलं.

तिच्याखेरीज तिथे काय होतं? किल्ल्यांवरच्या तोफा सांभाळणारे थोडे गोलंदाज आणि मलाय स्टेट्स गाइड्स या मलायातल्या फौजेची खेचरांवरच्या तोफांची बॅटरी. याच गाइड्सच्या पायदळाने डिसेंबरमध्ये परदेशी जायला नकार दिला होता आणि त्यांना परत पाठवावं लागलं होतं. बंदरात कॅडमस नावाची एक छोटी युद्धनौका होती. आणि होते स्वयंसेवक.

या स्वयंसेवकांची परंपरा जुनी. १८५४ मध्ये सिंगापुरात होक्येन आणि तेओच्यू या दोन चिनी गटांत मोठी दंगल झाली. ती आवरताना सरकारची दमछाक झाली, आणि त्याच वर्षी गोऱ्या रहिवाशांनी आपलं रायफल दल उभं केलं. ते पुढे रोडावलं. १८८८ मध्ये तोफखान्याचं स्वयंसेवक दल निघालं. १९०१ मध्ये चिनी कंपनी उभी राहिली. लिम बून केंग आणि सोंग ओंग सियांग यांच्यासारखी, तिथेच जन्मलेली, इंग्रजी शिकलेली नामांकित माणसं तिच्या पहिल्या पिढीत होती. पुढे मलायी कंपनीही आली.

इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावं असं मला वाटतं. आपल्या मुंबईतही तेव्हा स्वयंसेवक दलं होती. जी.आय.पी. रेल्वेचं वेगळं, बी.बी.सी.आय.चं वेगळं, घोडदळाचं वेगळं. पण त्यांचे दरवाजे गोऱ्यांना आणि युरेशियनांनाच उघडे. आम्हालाही स्वयंसेवक होऊ द्या, ही राष्ट्रीय सभेची मागणी १८८० च्या दशकापासूनची. अर्ज-विनंत्या होत राहिल्या, सरकार हलेना. हिंदी माणसासाठी तसली वाट निघाली ती थेट १९१७ मध्ये, महायुद्धाने सरकारच्या नाकीनऊ आणल्यावर. सिंगापुरातल्या चिनी दुकानदाराच्या मुलाला जी बंदूक सरकारने विश्वासाने दिली, ती मुंबईतल्या पदवीधराला सोळा वर्षं नाकारली. हिंदी माणसाने लढायचं ते पगारावर, दुसऱ्याच्या बंदरात, आणि प्रश्न न विचारता.

पलटणीत आत काय चाललं होतं

नंतर बसलेल्या चौकशी समितीसमोर जे आलं, त्यातला मोठा भाग राजकारणाचा नाही, घरच्या भांडणासारखा आहे. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल मार्टिन आणि त्यांचे इंग्रज अधिकारी यांच्यात धड बोलणं नव्हतं. मार्टिन यांना बढती मिळाली तीच मुळी हाताखालच्यांना रुचली नव्हती. वरची ही दुफळी खाली झिरपली. एका हवालदाराला जमादार करायचं की नाही, यावरून हिंदी अधिकाऱ्यांत दोन तट पडले. अमक्याला साहेबाचा पाठिंबा, तमक्याला नाही, हे बराकीत प्रत्येकाला माहीत. शिध्याबद्दलही कुरबुर होती. शिस्तीने चालणाऱ्या पलटणीत असल्या गोष्टी सुभेदार मिटवतो. इथे सुभेदार दुंदे खान आणि जमादार चिश्ते खान हेच पुढे बंडाचे म्होरके ठरले.

बाहेरून येणारा वारा वेगळा. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरलं आणि खलिफाच्या नावाने जिहादचा पुकारा झाला. सिंगापुरातल्या कंपोंग जावा मशिदीत नूर आलम शाह नावाचे पीर होते. शिपाई त्यांच्याकडे जात. कासिम मन्सूर हे गुजराती मुसलमान व्यापारी शिपायांना आपल्या घरी बोलवीत, जेवू घालीत. त्यांनी रंगूनला धाडलेलं एक पत्र सेन्सॉरच्या हाती पडलं. मलाय स्टेट्स गाइड्सचे शिपाई तुर्कांच्या बाजूला यायला तयार आहेत, युद्धनौका पाठवा, अशी तुर्की वकिलातीला विनंती होती. जानेवारीत त्यांना अटक झाली, पुढे फाशी. परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षाचे कागदही बंदरातून फिरत होते.

टांगलिनच्या छावणीत ३०० हून अधिक जर्मन कैदी होते. त्यांत मद्रासवर तोफा डागणाऱ्या एमडन युद्धनौकेचे खलाशीही होते. त्यांच्यावर पहारा ५ व्या लाइट इन्फंट्रीचा. महिनोन्‌महिने तारेच्या या बाजूला शिपाई, त्या बाजूला एमडनचा अधिकारी लाउटरबाख. तुमचं सरकार हरतंय, हे तो ज्या आत्मविश्वासाने सांगे, तेवढ्या आत्मविश्वासाने उलट सांगणारं शिपायाच्या भाषेत कुणी नव्हतं.

गदरच्या संदर्भात एक मराठी नाव आठवल्यावाचून राहत नाही. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे त्याच फेब्रुवारीत उत्तर हिंदुस्थानातल्या छावण्यांतून फिरत होते. २१ फेब्रुवारीला सगळीकडे एकदम उठाव करायचा बेत होता. तो फुटला, मार्चमध्ये पिंगळे मीरतच्या लष्करी छावणीत पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत फासावर गेले. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या, म्हणून सिंगापूरचं बंड हा त्याच बेताचा भाग होता असं ठोकून सांगण्याचा मोह होतो. मी तो आवरतो. १५ तारखेची दुपार लाहोरहून आलेल्या निरोपाने ठरली नव्हती. ती ठरली ‘नाईल’ नावाच्या जहाजाने.

हे जहाज पलटणीला हाँगकाँगला नेणार होतं. पहाऱ्याचंच काम, दुसऱ्या बंदरात. पण बराकीत बातमी होती की आपल्याला तुर्कांशी लढायला नेताहेत; कुणी म्हणे जहाज भर समुद्रात बुडवणार आहेत. हिंदुस्थानातही असं घडलेलं होतं. १३० वी बलुची पलटण नोव्हेंबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून निघत असताना एका पठाण शिपायाने आपल्या इंग्रज अधिकाऱ्याला ठार केलं. त्या पलटणीला रंगूनला हलवलं, तर तिथे जानेवारीत तिने पुढे जायला नकार दिला. सरकारला धडा घ्यायला एवढं पुरेसं होतं.

१५ तारखेच्या सकाळी सिंगापूरच्या फौजेचे प्रमुख जनरल रिडाउट यांनी निरोपाची पाहणी केली. पलटणीचं कौतुक केलं. पण भाषणात हाँगकाँगचं नाव आलं नाही. मार्टिन यांनी ते हिंदुस्थानीत सांगितलं, त्यातही आलं नाही. लष्करात जहाजाचं ठिकाण गुप्त ठेवायची पद्धत असते, हे मला मान्य. पण आठशे माणसं आठवडाभर एकाच प्रश्नावर झोप घालवून बसली आहेत, आणि उत्तर चार अक्षरांचं आहे, अशा वेळी ते न देणं ही मला या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक वाटते.

पहिली रात्र

सगळी पलटण उठली नाही. उठला तो मुख्यतः पलटणीचा उजवा भाग, म्हणजे राजपूत मुसलमानांच्या कंपन्या. बाकीचे गोंधळून रानात, रबराच्या मळ्यांत पांगले, काहींनी नंतर आपणहून शस्त्रं ठेवली. उठलेल्यांचे तीन गट झाले. एक टांगलिनला गेला, एक कर्नलच्या बंगल्याकडे, एक पासिर पांजांगच्या रस्त्याने. रस्त्यावर गाडीत, बागेत, बंगल्याच्या पडवीत जे गोरे सापडले ते मेले. चिनी आणि मलायी माणसंही मारली गेली. एकूण मृत चाळीसच्या वर. त्यांतले पुष्कळ सुट्टीच्या दिवशी फिरायला निघालेले साधे नागरिक होते. हे बंड परक्या सत्तेविरुद्धचं होतं म्हणून ही माणसं हिशेबातून गाळावीत, असं मला कधीच पटलेलं नाही.

टांगलिनच्या पहाऱ्यावर त्या दिवशी शिपाई नव्हते. पलटण निघणार म्हणून ते काम सिंगापूरच्या स्वयंसेवकांकडे आणि शेजारच्या जोहोर संस्थानच्या सुलतानाच्या सैनिकांकडे आलं होतं. हल्ला इतका अचानक झाला की पहारेकऱ्यांना सावरायला अवधीच मिळाला नाही. कैद्यांची फाटकं उघडून शिपायांनी जर्मनांना बंदुका देऊ केल्या. बहुतेक जर्मनांनी त्या घेतल्या नाहीत. लाउटरबाख आणि आणखी काही जण अंधार पडल्यावर निसटले आणि होडीने डचांच्या सुमात्राकडे गेले. ज्यांच्या भरवशावर शिपायांनी हे धाडस केलं, त्यांनी आपापली वाट धरली.

आता तो बंगला. कर्नल मार्टिन बराकीतून निसटून जवळच नॉर्मंटनला पोचले. योगायोगाने तिथे मलाय स्टेट्स व्हॉलंटियर रायफल्सचे ऐंशीच्या आसपास लोक शिबिराला आलेले होते. मुख्य भूमीवरचे मळेवाले, सर्वेक्षण खात्यातले, कचेऱ्यांतले. शिबिर म्हणजे त्यांच्यासाठी वर्षातून एकदा यायचं, चार मित्रांसोबत तंबूत राहायचं, निशाणेबाजी करायची. ते मार्टिन यांच्या बंगल्यात शिरले. दारं-खिडक्यांशी जे हाती लागेल ते रचलं आणि रात्रभर तिथे राहिले. बाहेर अंधारात झाडांआड शिपाई होते. मधूनच गोळी यायची. या शिपायांना रात्रीची लढाई ठाऊक होती, ती त्यांच्या पेशातली गोष्ट. आतल्यांना ठाऊक नव्हती. त्यांनी हल्ला करायचा प्रयत्न केला नाही, शौर्य दाखवायला बाहेर पडले नाहीत, बसून राहिले.

स्वयंसेवक सैनिकाची खरी किंमत मला इथे दिसते. तो लढाई जिंकून देत नाही. तो एक जागा धरून ठेवतो. बंगला पडला असता तर बंडवाल्यांना एक अख्खा विजय आणि कदाचित अख्खं शहर मोकळं मिळालं असतं. तो न पडल्यामुळे त्यांची संख्या तिथे अडकून पडली, आणि ती रात्र शहरासाठी सुटली.

त्या रात्रीत शहरात बरंच घडलं. संध्याकाळी लष्करी कायदा पुकारला गेला. गोऱ्या बायका-मुलांना बंदरातल्या जहाजांवर नेलं. कॅडमसचे नौसैनिक किनाऱ्यावर उतरले. चिनी आणि मलायी कंपन्यांसकट स्वयंसेवक दल कामाला लागलं. शहरातल्या जपानी रहिवाशांना बोलावून त्यांच्या हाती बंदुका दिल्या. १६ च्या सकाळी नौसैनिक, गोलंदाज आणि स्वयंसेवक यांची एक तुकडी केपेल हार्बरकडून निघाली, बराकींवर चालून गेली आणि बंगल्यातल्यांची सुटका करून आली.

पुढचं पटकन सांगतो. दोन-तीन दिवसांत मित्रराष्ट्रांची जहाजं आली : फ्रेंचांचं मोंकाल्म, रशियनांचं ओरेल, जपानचं ओतोवा आणि त्सुशिमा. जोहोरचे सुलतान इब्राहिम यांनी पलीकडे पळालेल्या शिपायांना अडवलं. २० तारखेला रंगूनहून श्रॉपशायर लाइट इन्फंट्री पोचली. त्यानंतर उरली ती रानातली शोधाशोध.

पुन्हा स्वयंसेवकच

दोनशेहून अधिक शिपायांवर कोर्ट मार्शल चाललं. ४७ जणांना मृत्यूची शिक्षा झाली, ६४ जणांना जन्मठेप काळ्या पाण्याची, आणखी ७३ जणांना वेगवेगळ्या मुदतीचा तुरुंग. मृत्यूच्या शिक्षा आऊटरम रोड तुरुंगाच्या भिंतीबाहेर, उघड्यावर, लोकांदेखत अमलात आणल्या गेल्या.

सगळ्यात मोठी २५ मार्चला. बावीस शिपाई भिंतीशी ओळीने उभे. समोर पंधरा हजारांच्या आसपास माणसं. मलायी, चिनी, हिंदी, गोरे. गोळ्या झाडणारं पथक ११० जणांचं, एकेका कैद्यामागे पाच बंदुका. हे काम पेशेवर सैनिकांचं. पण पथकात स्वयंसेवक उभे केले. कैद्यांच्या आरोळ्यांत हुकूम नीट ऐकू आला नाही, बार एकदम सुटले नाहीत, आणि काही जण पहिल्या फैरीत मेले नाहीत. एप्रिलमध्ये दुंदे खान आणि चिश्ते खान यांचीही पाळी त्याच भिंतीशी आली.

मला त्या ११० जणांचा विचार सोडवत नाही. बंगल्यात रात्र काढणं, पुलावर पहारा देणं, यासाठी ही माणसं दलात आली होती. आपलं शहर, आपली माणसं राखायला. आता काही पावलांवर बांधलेल्या माणसावर नेम धरायचा होता. स्वेच्छेने घेतलेल्या गणवेशाची अशीही किंमत असते, हे भरतीच्या वेळी त्यांना कुणी सांगितलं असण्याची शक्यता नाही. म्हणजे शेवटी, कुठे चाललोय हे न कळता नेलं जाण्याची वेळ त्यांच्यावरही आलीच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने कायदा केला : १८ ते ५५ वयाच्या प्रत्येक युरोपीय ब्रिटिश पुरुषाला राखीव दलात किंवा नागरी रक्षक दलात काम सक्तीचं. ब्रिटिश वसाहतींत ही जवळपास पहिलीच तऱ्हा. सिंगापुरातल्या गोऱ्यांपुरती साठ वर्षांची हौस एका कागदाने सक्तीत बदलली. हिंदी रहिवाशांना मात्र वेगळा नियम लागला, त्यांनी सरकारकडे आपली नोंद करायची. उठलेल्या शिपायांशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा दुकानदारांना, कारकुनांना, धोब्यांनाही ठाण्यासमोर रांगेत उभं राहावं लागलं. मोठा सल तो होता.

मार्टिन यांना निवृत्त करण्यात आलं. चौकशी समितीचा अहवाल कित्येक दशकं कुलपात राहिला. व्हिक्टोरिया मेमोरियल हॉलमध्ये मारल्या गेलेल्यांच्या नावांचे फलक लागले. आऊटरम रोडचा तुरुंग पुढे पाडला गेला. त्या भागात आज भुयारी रेल्वेचं स्थानक आहे.

उरलेल्या पलटणीचं काय करायचं, हा प्रश्न होताच. सुमारे सहाशे शिपाई शिल्लक होते. त्यांत बंडाच्या दिवशी रानात लपलेले होते, तसेच दुसऱ्या दिवशी आपणहून ठाण्यावर आलेलेही. ३ जुलै १९१५ ला त्यांना जहाजावर चढवलं. हाँगकाँगला नव्हे, आणि तुर्कांकडेही नव्हे. जहाज गेलं पश्चिम आफ्रिकेत, कॅमेरूनला. तिथे आणि नंतर पूर्व आफ्रिकेत ते जर्मनांशी लढले. १९२२ मध्ये पलटणच मोडीत निघाली.